तिखटानंतरचा घोट

तिखट ही मराठी जेवणातली इतकी नित्याची गोष्ट आहे की तिची गणना चवींमध्ये सहज केली जाते, आणि आयुर्वेदाने सांगितलेल्या सहा रसांमध्ये कटू रसाला, म्हणजे मिरे, सुंठ, पिंपळी यांच्या झणझणीतपणाला, स्वतंत्र स्थान असल्यामुळे या समजुतीला जुन्या शास्त्राचा आधारही आहे. परंतु आधुनिक शरीरविज्ञान गोड, आंबट, खारट आणि कडू यांच्या पंक्तीत तिखटाला बसवत नाही. चवीची जाणीव जिभेवरच्या रुचिकलिकांकडून येते, तर तिखटाची जाणीव चेहरा आणि तोंड यांतील वेदना, स्पर्श व उष्णता मेंदूपर्यंत नेणाऱ्या पाचव्या मस्तिष्क-तंत्रिकेच्या टोकांकडून येते, आणि म्हणूनच मिरची चिरलेला हात चुकून डोळ्याला लागला तर तिथे एकही रुचिकलिका नसताना डोळ्याची आग होते. हा भेद शाब्दिक नाही. तिखट खाल्ल्यानंतर तोंड कशाने शांत करावे हा प्रश्न चव घालवण्याचा मानला तर त्याचे उत्तर चुकते, आणि वेदनाशमनाचा मानला तर ते सापडू लागते.

मिरचीतील वेदनाकारक द्रव्याला कॅप्सेसीन म्हणतात. ते बियांत असते असा समज घरोघरी आहे, पण प्रत्यक्षात ज्या पांढुरक्या गाभ्याला बिया चिकटलेल्या असतात त्या गाभ्यात ते तयार होते आणि बियांना ते केवळ लागलेले असते. जॉन क्लफ थ्रेश या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८७६ मध्ये ते शुद्ध स्फटिकरूपात वेगळे काढून त्याला हे नाव दिले. पण ते शरीरात नेमके काय करते हे कळायला त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रयोगशाळेत डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये कॅप्सेसीनला प्रतिसाद देणारा ग्राही शोधून काढला. ग्राही म्हणजे पेशीच्या आवरणात बसलेले, ठरावीक उद्दीपन मिळताच उघडणारे आणि पेशीला संदेश देणारे प्रथिन. टीआरपीव्ही-१ या नावाने आता ओळखला जाणारा हा ग्राही मुळात उष्णतेची सूचना देण्यासाठी असतो आणि सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या पुढे, म्हणजे जिथे उष्णता सुखद न राहता पोळू लागते तिथे, तो उघडतो. कॅप्सेसीन त्याला चिकटले की तो त्याहून बराच कमी तापमानालाही उघडतो, आणि मेंदूला तोंड भाजल्याची वर्दी मिळते. वर्दी खोटी असली तरी शरीराचा प्रतिसाद मात्र पूर्णपणे खरा असतो: घाम फुटतो, नाक वाहते, डोळ्यांत पाणी येते, लाळ सुटते. उष्णता आणि स्पर्श यांच्या ग्राहींवरील संशोधनासाठी ज्युलियस यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्यासह २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पक्ष्यांच्या अंगातील हाच ग्राही कॅप्सेसीनला दाद देत नाही, म्हणून पिंजऱ्यातला पोपट लाल मिरची निवांतपणे सोलून खातो; रानातले पक्षीही मिरचीचे बी न चावता गिळतात आणि दूरवर टाकतात, तेव्हा ज्याच्याकडून बी फुटण्याची शक्यता आहे त्या सस्तन प्राण्याला दूर ठेवणे हाच या दाहाचा मूळ हेतू असावा.

एकदा ग्राहीची ही रीत ध्यानात आली की जेवणातले कितीतरी अनुभव आपोआप उलगडतात. वाफाळता रस्सा कोमट रश्श्यापेक्षा जास्त तिखट लागतो, कारण कॅप्सेसीन आणि खरी उष्णता दोन्ही एकाच ग्राहीला एकाच वेळी उद्दीपित करतात. आणि त्याच कारणाने तोंड भाजत असताना वर घेतलेला गरम चहा आग वाढवतो. तिखट लागलेला माणूस तोंडाने हवा आत ओढत हायहुय करतो, तेव्हा त्या हवेने लाळेची थोडी वाफ होऊन जिभेचे तापमान किंचित उतरते आणि तेवढा क्षणभर ग्राही शांत होतो. बर्फाचे पाणीही हेच करते. गार घोट तोंडात असेपर्यंत आग नाहीशी झाल्यासारखी वाटते, पण घोट गिळला आणि जीभ पुन्हा शरीराच्या तापमानाला आली की ती परत येते, आणि पेल्यामागून पेले रिकामे होऊनही माणूस मूळ जागीच राहतो, शिवाय पोट पाण्याने भरल्यामुळे पुढचे जेवण जात नाही ते वेगळेच. पाण्याने आग पसरते असे जे म्हटले जाते त्यात अतिशयोक्ती असली तरी पाण्याने ती निघत नाही हे खरे आहे, कारण कॅप्सेसीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही; ते स्निग्ध पदार्थांत आणि मद्यार्कात विरघळते. यावरून मद्य हा उपाय ठरेल असे कोणाला वाटण्याचा संभव आहे, म्हणून हेही सांगितले पाहिजे की बिअरमध्ये पाण्याचाच भाग फार मोठा असतो आणि मद्यार्क स्वतः टीआरपीव्ही-१ ची उघडण्याची मर्यादा खाली आणतो, त्यामुळे मद्याचा घोट भाजलेल्या तोंडाला अधिकच झोंबतो.

राहतात ते दूध आणि त्यापासून होणारे पदार्थ. त्यांचे श्रेय बराच काळ त्यांतील स्निग्धांशाला दिले जात होते, आणि स्निग्धांशात कॅप्सेसीन विरघळते हे खरे असल्याने तसे वाटणे स्वाभाविकही होते; परंतु अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत तिखट पेय प्यायलेल्या लोकांना निरनिराळी पेये देऊन दाह किती उतरतो हे मोजले, तेव्हा साय काढलेले दूध साय असलेल्या दुधाइतकेच गुणकारी ठरले, आणि फेसाळ पेये व बिअर मागे पडली. याचा अर्थ दुधात स्निग्धांशाखेरीज आणखी काहीतरी काम करीत असले पाहिजे, आणि ते म्हणजे दुधातील प्रथिने, त्यातही गाईच्या दुधातील प्रथिनांचा सुमारे ८० टक्के भाग असलेले केसीन. केसीनच्या रेणूचा काही भाग पाण्याशी सलगी करणारा आणि काही भाग स्निग्धाशी सलगी करणारा असल्यामुळे, तेलकट भांड्यावर साबण जे काम करतो तेच ते जिभेवर करते: पाण्याला दाद न देणाऱ्या कॅप्सेसीनला धरून ठेवते आणि घोटाबरोबर वाहून नेते.

मराठी घराच्या दृष्टीने या निष्कर्षाचे मोल मोठे आहे, कारण त्यातून ताकाचे कोडे सुटते. ताक म्हणजे लोणी काढून घेतल्यावर उरलेले द्रव्य. आगीवर उतारा स्निग्धांशाचाच असता तर ज्यातून स्निग्धांश काढून घेतला त्या ताकाने तोंड शांत होण्याचे काही कारण नव्हते, आणि तरी पिढ्यानुपिढ्या तिखट जेवणाच्या शेवटी ताकच प्यायले गेले. लोणी निघून जाते, केसीन ताकात राहते. अर्थात ते ताक घुसळलेल्या दह्याचे आणि बऱ्यापैकी दाट असले पाहिजे. पाणी घालून घालून ज्याचा रंग तेवढा उरला आहे अशा ताकात केसीनही तितकेच विरळ झालेले असते, आणि दह्यावर सुटणाऱ्या निवळीत तर ते फारसे नसतेच. ताकाचा गारवा, आंबटपणामुळे सुटणारी लाळ आणि त्यातले मीठ यांचा वाटा त्यात मिळतो, पण मुख्य काम प्रथिनाचे आहे.

या उपायाचा काळही विचार करण्यासारखा आहे. मिरची ही मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतर सोळाव्या शतकात ती पश्चिम किनाऱ्यावरून या देशात शिरली आणि थोड्याच काळात ती देशाच्या कानाकोपऱ्यांत पोचली. त्याआधीच्या मराठी मुलखात तिखट होते ते मिऱ्याचे, पिंपळीचे, आल्याचे. आणि त्यांतील द्रव्येही याच ग्राहीला उद्दीपित करतात, जरी त्यांचा दाह मिरचीइतका तीव्र व चिवट नसला तरी. उलट तक्राचे गुण चरकसंहितेतच वर्णन केलेले आहेत, नारळ किनाऱ्यावर प्राचीन काळापासून आहे आणि कोकम सह्याद्रीच्या रानातलेच झाड आहे. म्हणजे दाह शमवणारी सर्व द्रव्ये या स्वयंपाकघरात आधीपासून नांदत होती आणि दाह करणारी मिरची कितीतरी शतकांनी मागून आली. मिरे ही किनाऱ्यावरची महाग व्यापारी वस्तू होती आणि मिरची कोणाच्याही परसात येत होती, हे तिच्या झपाट्याच्या प्रसाराचे एक कारण निश्चित आहे. पण जिथे रोजच्या जेवणात दही, ताक आणि नारळाचे दूध होते तिथे या परक्या फळाची धग सोसणे सोपे गेले असणार, आणि हे दुसरे कारणही पहिल्याइतकेच वजनदार मानावे लागेल.

मराठी ताट वाढण्याची पद्धत या दृष्टीने पाहिली तर तिच्यात एक सुसंगत विचार दिसतो. डाव्या बाजूला मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मध्ये वरण-भाताची मूद आणि तिच्यावर तुपाची धार. चटणीच्या शेजारी दह्यातली कोशिंबीर असते, म्हणजे तिखट आणि त्याचा उतारा यांच्यात एका बोटाचे अंतर असते. जेवणाची सुरुवात साध्या वरण-भाताने होते, त्यामुळे तोंडाला आधी तूप लागते आणि मगच तिखट येते. शेवट ताक-भाताने किंवा मठ्ठ्याने होतो. हे सणाच्या किंवा सुखवस्तू घरच्या ताटाचे वर्णन झाले, पण गरिबाच्या भाकरीतही हीच दृष्टी आहे. मिरचीचा ठेचा किंवा लाल चटणी कोरडी खाल्ली जात नाही; तिच्यावर शेंगदाण्याचे किंवा करडईचे कच्चे तेल ओतून कालवले जाते, आणि घरात दुभते असेल तर तेलाच्या जागी लोण्याचा गोळा किंवा सायीचे दही येते. ज्वारीची भाकरी स्वतःच्या खरखरीतपणाने जिभेवरचे तेल आणि त्यातले कॅप्सेसीन पुसून नेते, आणि शिळ्या भाकरीचा ताकात केलेला काला तर गारवा, प्रथिन आणि पिष्ट तिन्ही एकत्र देतो.

स्निग्धाच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. मिसळीच्या कटावर किंवा नागपूरच्या सावजी रश्श्यावर जो लाल तवंग तरंगतो, ज्याला तर्री म्हणतात, ते तेलच असते, आणि मिरचीतला रंग व कॅप्सेसीन त्यातच उतरलेले असतात. तेल हे कॅप्सेसीनचे वाहनही आहे आणि त्याला वाहून नेणारेही. तर्रीचे तेल तिखट जिभेवर आणून पसरवते. स्वच्छ तूप, लोणी किंवा साय ते जिभेवरून उचलते. म्हणून तिखट झालेल्या रश्श्यावर वरून पाणी ओतण्यापेक्षा तवंग पळीने बाजूला काढणे अधिक उपयोगी पडते, आणि लहान मुलाला भाजीची फोड पाण्यात धुऊन देण्याच्या जुन्या रीतीला जे थोडेफार यश येते तेही वरचे तेल काही प्रमाणात निघून जाते म्हणूनच येते.

कोकणात आणि गोव्यात हे काम सोलकढी करते, आणि तिची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. ओल्या नारळाचे दाट दूध, त्यात कोकमाचे आगळ, म्हणजे कोकमाच्या फळाचा मीठ घालून टिकवलेला दाट रस, आणि त्याला ठेचलेल्या लसणाचा, कोथिंबिरीचा व हिरव्या मिरचीचा हात. नारळाच्या दुधात केसीन नसते, पण स्निग्धांश भरपूर असतो, आणि माशाच्या तिखल्यानंतर किंवा तिखट रश्श्यानंतर तोंडाला जो मऊपणा येतो तो त्याच्यामुळे येतो. कोल्हापुरात तांबड्या रश्श्याशेजारी पांढऱ्या रश्श्याची वाटी ठेवली जाते. मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचे दूध आणि काजू, खसखस, तीळ यांचे वाटण घालून तो केलेला असतो, आणि जाणते लोक दोन्हींचे घोट आलटून पालटून घेतात. परंतु याहून लक्षणीय गोष्ट ही की शमन करणाऱ्या या पदार्थांतही थोडे तिखट असते: सोलकढीत मिरची आहे, मठ्ठ्यात आले आणि मिरची आहे, पांढऱ्या रश्श्यातही मिरे किंवा हिरवी मिरची आहे. याचा अर्थ दाह समूळ घालवणे हा या स्वयंपाकाचा उद्देश नाही. तोंडात थोडी ऊब मागे राहावी आणि पुढचा घास घेण्याची इच्छा व्हावी इतपतच त्याला उतरवले जाते. पाण्याने तोंड बधिर करणे किंवा पुदिन्यातल्या मेंथॉलने थंडीच्या ग्राहीला जागे करून उष्णतेच्या वेदनेवर मात करणे हे उपाय त्यापुढे उथळ वाटतात, जरी पुदिन्याची चटणी दह्यात कालवली असेल तर तिचा उपयोग निर्विवाद आहे.

गोडाचा उतारा हा यापेक्षा निराळ्या जातीचा. साखर किंवा गूळ कॅप्सेसीनला जिभेवरून फारसे हलवत नाही, परंतु गोड चवीने वेदनेची जाणीव मंदावते. नवजात बाळाला सुई टोचण्यापूर्वी साखरेच्या पाण्याचे थेंब देण्याची रुग्णालयांतील पद्धत याच तत्त्वावर चालते. अमेरिकन औषधशास्त्रज्ञ विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये मिरचीचा तिखटपणा मोजण्याची जी कसोटी बसवली तिच्यातही मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करीत नेऊन तो कधी तिखट लागेनासा होतो हे माणसांच्या जिभेने ठरवायचे होते. या मोजणीत ढोबळी मिरची शून्यावर आहे, २००७ मध्ये जगातील सर्वांत तिखट म्हणून नोंदली गेलेली आसामची भूत जोलोकिया दहा लाखांच्या पुढे आहे आणि शुद्ध कॅप्सेसीन १ कोटी ६० लाखांवर. पुरणपोळीबरोबर कटाची आमटी वाढण्याची रीत या बाबतीत परिपूर्ण म्हणावी लागेल. ज्या हरभऱ्याच्या डाळीचे पुरण, तिच्याच शिजवणीच्या पाण्याची ती तिखट-आंबट आमटी. आणि पोळीवर तूप, शेजारी दूध. लिंबाविषयी मात्र एक गैरसमज दूर केला पाहिजे. तिखट हे अल्कधर्मी असून आम्लाने त्याचा निरास होतो असे सांगितले जाते, ते बरोबर नाही. कॅप्सेसीन हे अल्क नव्हे, आणि तीव्र आम्ल तर त्याच ग्राहीला डिवचते. लिंबामुळे लाळ सुटते आणि चवीचा तोल सुधारतो, तेवढाच त्याचा लाभ.

सवयीचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. हंगेरीतील संशोधक मिक्लोश यान्चो यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले की कॅप्सेसीन वारंवार दिल्यावर त्या तंत्रिका त्याला आणि इतर वेदनादायक द्रव्यांनाही प्रतिसाद देईनाशा होतात. आज तंत्रिकांच्या जुनाट दुखण्यावर ८ टक्के कॅप्सेसीनच्या पट्ट्या वापरल्या जातात त्या याच गुणामुळे. तिखट खाणाऱ्या घरातल्या माणसाला ते कमी झोंबते यात त्याच्या शौर्याचा भाग थोडा आणि तंत्रिकांच्या या शिथिलतेचा भाग मोठा असतो. म्हणून ज्याला ती सवय नाही अशा पाहुण्याच्या, सुनेच्या किंवा मुलाच्या डोळ्यांत पाणी आले की त्याची थट्टा करणे हे अज्ञानाचे लक्षण आहे, आणि तिखट खाण्याच्या बाबतीत मराठी समाजात ही थट्टा दुर्दैवाने फार चालते. मूल तिखट शिकते ते तूप-भाताच्या घासात आमटीचा थेंब मिसळून, महिन्यामहिन्यांनी. त्याला धाक घालून शिकवता येत नाही.

अलीकडे मात्र तिखट त्याच्या उताऱ्यापासून सुटे करून विकले जाऊ लागले आहे, आणि ही गोष्ट गंभीरपणे घेण्याजोगी आहे. परदेशी नूडल्सच्या पाकिटात मिरचीचा अर्क एका पुडीत भरलेला असतो आणि त्याच्याबरोबर खाण्याचे दुसरे काहीच नसते. २०२४ च्या जूनमध्ये डेन्मार्कच्या अन्न प्रशासनाने कोरियातील अशा तीन प्रकारच्या नूडल्स कॅप्सेसीनचे प्रमाण घातक ठरू शकते या कारणाने बाजारातून मागे बोलावल्या, आणि पुढे त्यांतील काहींवरचे निर्बंध उठवले. शहरांतल्या अनेक उपाहारगृहांतही 'झणझणीत' हीच जाहिरात झाली असून दही, ताक आणि सोलकढी यांना जादा पैसे मोजून मागवायच्या पदार्थांच्या यादीत ढकलण्यात आले आहे, त्यामुळे गिऱ्हाइकापुढे आधी येतो तो पाण्याचा पेला. कोल्हापूर, नागपूर, मालवण या ठिकाणच्या ज्या स्वयंपाकांच्या नावावर हे विकले जाते त्यांतील एकाही स्वयंपाकात तिखट असे एकटे कधीच नव्हते. अर्धा पदार्थ वाढून त्याला परंपरेचे नाव देणे हे त्या परंपरेवर अन्याय करणारे आहे.

खानावळ चालवणाऱ्यांनी मिसळीच्या किंवा रश्श्याच्या दरातच दह्याची अथवा दाट ताकाची वाटी धरावी आणि ती पहिल्या घासापूर्वी पुढे ठेवावी. घरी वाढणाऱ्यांनीही ठेच्याआधी दही वाढावे. ज्याचे तोंड भाजले असेल त्याने पाण्याचा मोह टाळून दुधाचा, दह्याचा किंवा ताकाचा गार घोट घ्यावा, तो लगेच न गिळता थोडा वेळ जिभेवर फिरवावा, आणि मग दुसरा घ्यावा. एरवीच्या तिखटाचा दाह काही मिनिटांत ओसरतो आणि त्याने जिभेला इजा होत नाही.